आडव्या वाऱ्यात एटीआर: उतरण्याचं कौशल्य आणि न उतरण्याचं

हुपरीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी इथला विमानतळ सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत आहे. पैंजणांचे नमुने घेऊन हैदराबाद किंवा बंगळूरला निघालेल्या इथल्या चांदी व्यावसायिकाला पूर्वी रात्रभराचा बस किंवा रेल्वे प्रवास ठरलेला असे. 'उडान' योजनेखाली डिसेंबर 2018 मध्ये अलायन्स एअरचं एटीआर 72 हे दोन पंख्यांचं विमान कोल्हापूरला येऊ लागलं, पाठोपाठ इंडिगोची एटीआर आली आणि हा प्रवास काही तासांवर आला. त्याबरोबर एक नवी तक्रारही आली. विमान कोल्हापूरच्या डोक्यावर आलं, खाली उतरू लागलं, पुन्हा वर गेलं आणि शेवटी दुसऱ्याच गावी उतरलं. वारा होता म्हणे! मग कुणी विमानाला नावं ठेवतं, कुणी वैमानिकाला, कुणी विमानतळाला.

जोराच्या आडव्या वाऱ्यात टर्बोप्रॉप, म्हणजे एटीआरसारखं पंख्यांवर चालणारं विमान उतरवणं हा विमानवाहतुकीतला जुना आणि अजूनही पूर्ण न सुटलेला प्रश्न आहे. त्यात धावपट्टीची दिशा येते, वारा मोजण्याची पद्धत येते, विमानाची बांधणी आणि माणसाचा निर्णयही येतो. छोट्या शहरांची हवाई सेवा याच विमानांवर उभी असल्याने हा प्रश्न आपल्याला नीट समजला पाहिजे.

धावपट्टीची दिशा कोण ठरवतं?

कोल्हापूरचा विमानतळ 1939 मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. त्याच्या धावपट्टीला 07/25 म्हणतात. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेला कोन जवळच्या दहाच्या पटीत आणून, शेवटचं शून्य गाळून हे क्रमांक देतात. म्हणजे एका बाजूने उतरताना विमानाचं तोंड साधारण 70 अंशांवर, पूर्व-ईशान्येकडे असतं आणि दुसऱ्या बाजूने 250 अंशांवर, पश्चिम-नैर्ऋत्येकडे.

आसपासच्या धावपट्ट्या पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. मुंबईची मुख्य धावपट्टी 09/27, पुण्याची 10/28, शिर्डीची 09/27, बेळगावजवळच्या सांबऱ्याची 08/26, गोव्यात दाभोळीची 08/26. सगळ्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत, कारण इथला वर्षातला सर्वांत जोरकस आणि सलग वारा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा, पश्चिमेकडून येणारा. विमानाला तो नाकासमोर मिळावा असा हिशेब असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक असा की धावपट्टीची दिशा निवडताना ती किमान 95 टक्के वेळ वापरता यावी. 1500 मीटर किंवा त्याहून लांब धावपट्टीसाठी हा हिशेब ताशी 37 किलोमीटर, म्हणजे 20 नॉट आडवा वारा धरून करतात. छोट्या धावपट्ट्यांसाठी त्याहून कमी.

म्हणून आषाढातला सोसाट्याचा वारा कोल्हापूरच्या 25 क्रमांकाच्या टोकाला बराचसा समोरून मिळतो. त्या दिवसांत अडचण येते ती बहुधा ढग, पाऊस आणि ओल्या धावपट्टीची. आडव्या वाऱ्याचा खरा धोका चैत्र-वैशाखातल्या वळवाचा. वळीव दिशा पाळत नाही. दुपारनंतर ढग चढतात, ढगातली गार हवा पावसासोबत वेगाने खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. पसरणाऱ्या या हवेची आघाडी पावसाच्या बरीच पुढे धावते. हुपरीत आधी धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजतात, मग गारवा येतो आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. हीच आघाडी विमानतळावर पोचली की वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक एखाद्या मिनिटात पश्चिमेकडून उत्तरेकडे फिरतो. जिथे एकच धावपट्टी आहे, तिथे वैमानिकाला दुसरी दिशा निवडायची सोय नसते.

दोन धावपट्ट्या असल्या तरी सुटका होतेच असं नाही. 1 जुलै 2019 च्या रात्री मुंबईत भर पावसात स्पाइसजेटचं बोइंग 737 मुख्य धावपट्टीच्या पुढे निघून गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. सगळा भार 14/32 या दुसऱ्या धावपट्टीवर आला. जुलैतला पश्चिमेचा वारा या धावपट्टीला बराच आडवा पडतो. त्या दिवसांत कितीतरी उड्डाणं रद्द झाली, कितीतरी विमानं दुसरीकडे वळवावी लागली.

वारा किती आणि आडवा किती

वारा धावपट्टीशी जितका कोन करतो, तितका त्याचा आडवा भाग वाढतो. 30 अंशांचा कोन असेल तर वाऱ्याचा निम्मा जोर आडवा, 45 अंशांना सुमारे 70 टक्के, 60 अंशांना 87 टक्के आणि 90 अंशांना सगळाच्या सगळा. कोल्हापुरात 25 वर उतरताना वारा 280 अंशांवरून 20 नॉट असेल तर आडवा भाग 10 नॉटचा. कुठलाही प्रशिक्षित वैमानिक तो सहज हाताळतो. पण वळवात वारा 340 वरून 25 नॉट आणि झोत 38 नॉटपर्यंत असतील, तर सगळा वारा काटकोनात लागला.

इथेच एक गाठ आहे. टॉवर वैमानिकाला जो वारा सांगतो तो दोन मिनिटांची सरासरी असतो. हवामानाच्या नियमित अहवालातला वारा दहा मिनिटांची. सरासरीपेक्षा 10 नॉट किंवा अधिक उसळी असेल तर झोत वेगळा सांगतात. वरच्या उदाहरणात एटीआरची 35 नॉटची मर्यादा धरली तर सरासरी तिच्या आत आणि झोत तिच्या बाहेर. मग उतरायचं की नाही? 1 मार्च 2008 रोजी हॅम्बुर्गला वादळात लुफ्तान्झाच्या एअरबस ए-320 चं पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान तसंच वर उचललं, दुसऱ्या प्रयत्नात ते सुखरूप उतरलं आणि कुणाला इजा झाली नाही. त्या घटनेनंतर युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने नेदरलँड्सच्या एनएलआर या संशोधन संस्थेकडून याच विषयाचा अभ्यास करवून घेतला. त्यात दिसलं की झोत हिशेबात धरायचा की नाही, याबद्दल कंपन्या आणि वैमानिक यांच्यात एकवाक्यता नव्हती. जेट विमानांच्या, श्रीमंत विमानतळांच्या जगात ही स्थिती होती. लहान धावपट्टीवर हा संभ्रम अधिक महागात पडतो.

दोन पंख्यांच्या विमानाची बांधणी

एटीआर 72 साधारण 27 मीटर लांब आणि तितक्याच पंखविस्ताराचं विमान आहे. पंख वर, प्रवाशांच्या डोक्यावरून जातात. मुख्य चाकं पंखाखाली नसून पोटालगतच्या फुगवट्यात असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर फक्त 4.1 मीटर आहे. बॉम्बार्डियरच्या क्यू-400 ची चाकं इंजिनांच्या खाली आहेत, त्यामुळे तिथे हेच अंतर 8.8 मीटर होतं. अरुंद पायांवर उंच पंख असले की वाऱ्याच्या बाजूचा पंख उचलला जाण्याची ओढ जास्त जाणवते. वर शेपटीचा उभा पत्रा मोठा. चाकं जमिनीला लागल्यावर वारा त्या पत्र्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहतं.

दुसरी गोष्ट वेगाची. एटीआर उतरताना साधारण 110 ते 115 नॉटने येतं, मोठं जेट 140 च्या आसपास. 30 नॉटचा वारा पूर्ण आडवा असेल तर 115 नॉटच्या विमानाला धावपट्टीच्या रेषेत राहण्यासाठी नाक 15 अंश वाऱ्याकडे वळवून यावं लागतं. 140 च्या विमानाला 12 अंशांत भागतं. पुराच्या पंचगंगेत नावाडी समोरच्या घाटावर पोचण्यासाठी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसंच हे. नाव जितकी संथ, तितकं तोंड जास्त वळवावं लागतं. विमानाला मात्र जमिनीला टेकण्याआधी हे वळलेलं नाक सरळ करावं लागतं, आणि 15 अंश सरळ करणं 12 अंशांपेक्षा अवघड.

तिसरी गोष्ट पंख्यांची. फिरणाऱ्या पात्यांमागून येणारी हवा थेट पंखावरून जाते आणि पंखाची उचल वाढवते. इंजिनाची ताकद कमी केली की ही उचल कमी होते आणि पात्यांचा अडथळाही वाढतो. विमान चटकन खाली बसतं. याच गुणाची दुसरी बाजू वैमानिकाच्या कामी येते. जेट इंजिनाला मंद वेगावरून पूर्ण जोर पकडायला काही सेकंद लागतात. टर्बोप्रॉपमध्ये पात्यांचा कोन बदलला की जोर लगेच मिळतो. उतरता उतरता पुन्हा वर जायचं ठरलं तर विमान हाक दिल्याबरोबर साथ देतं.

चौथी गोष्ट हातांची. एटीआरचे रडर (शेपटीवरचा हलता पत्रा) आणि आयलरॉन (पंखांवरचे हलते पत्रे) वैमानिकाच्या हातापायांशी यांत्रिकपणे जोडलेले आहेत. हायड्रॉलिकची मदत पंखावरच्या स्पॉइलरपुरती. इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणाही नाही. झोत आला की पॉवर लिव्हर मागेपुढे करायचे, नाक सांभाळायचं, पंख समतोल ठेवायचा, हे सगळं माणसाच्या हातांनी आणि पायांनी.

त्यात कोल्हापूरची उंची. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. उन्हाळ्यात हवा तापून आणखी विरळ होते. वेगमापकावर काटा तोच दिसतो, पण विमानाचा खरा वेग काही टक्क्यांनी जास्त असतो, जमिनीवरून ते अधिक वेगाने येतं आणि थांबायला अधिक धावपट्टी घेतं.

शेवटचे 200 फूट

25 वर येणारं एटीआर, वारा उजवीकडून. नाक धावपट्टीच्या उजवीकडे वळलेलं, त्यामुळे वैमानिकाला धावपट्टी समोरच्या काचेत डावीकडे दिसते. सहवैमानिक वेग आणि वारा मोठ्याने सांगत असतो. साधारण 20 फुटांवर पॉवर लिव्हर हळूहळू मागे येतात. याच क्षणी डाव्या पायाने रडर दाबून नाक मधल्या पांढऱ्या रेषेवर आणायचं, आणि वाऱ्याने विमान डावीकडे वाहू नये म्हणून उजवा पंख किंचित खाली दाबायचा. हे दोन्ही एकदम. रडर लवकर दाबला तर विमान कडेला वाहतं. उशिरा दाबला तर चाकं तिरपी टेकतात आणि अरुंद पायांवर झटका बसतो.

आधी वाऱ्याकडचं चाक टेकतं, मग दुसरं, मग नाकाचं. प्रवाशाला वाटतं, उतरलो. पण खरी कसरत अजून संपलेली नसते. वेग कमी होतो तशी रडरची पकड सुटत जाते. 70 नॉटची हाक आली की कॅप्टन डावा हात नाकाचं चाक वळवणाऱ्या छोट्या हँडलवर नेतो आणि समोरच्या नियंत्रणदांड्याचा ताबा सहवैमानिक घेतो, वाऱ्याच्या बाजूला दाबून धरतो, म्हणजे पंख उचलला जाऊ नये. एका विमानाची सूत्रं त्या क्षणी दोन माणसांत वाटली जातात. ही अदलाबदल ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्षणी होते, आणि सिम्युलेटरवर ती पुन्हा पुन्हा घोटून घेतात. आडव्या वाऱ्यातलं उतरणं एकट्या वैमानिकाच्या मर्दुमकीचं काम नसतं, ते इथे दिसतं.

मर्यादेचा आकडा काय सांगतो

प्रवासी विमानांच्या प्रमाणपत्राचा नियम असा आहे की कोरड्या धावपट्टीवर विमान काही किमान आडव्या वाऱ्यात सुरक्षित उतरतं हे कंपनीने उड्डाण करून दाखवायचं. ही किमान अट 20 नॉट किंवा उतरत्या अवस्थेतल्या स्टॉल वेगाच्या (ज्याखाली पंखांची उचल सुटते त्या वेगाच्या) पाचव्या हिश्शाएवढी, यांतली जी जास्त असेल ती; पण 25 नॉटच्या पुढे दाखवण्याची सक्ती नाही. कंपन्या त्याहून बरंच अधिक दाखवतात. एटीआर 72 चा आकडा 35 नॉटचा, म्हणजे ताशी 65 किलोमीटर; क्यू-400 चा 32; एअरबस ए-320 चा झोतासह 38.

हे आकडे चाचणी वैमानिकांनी कोरड्या धावपट्टीवर गाठलेले असतात. धावपट्टी ओली किंवा पाणी साचलेली असेल तर मर्यादा कमी होते. नवा कॅप्टन किंवा सहवैमानिक उतरवत असेल तर विमान कंपन्या ती आणखी खाली आणतात. म्हणून 'एटीआर 35 नॉटपर्यंत उतरतं' हे विधान हुपरीच्या प्रवाशाने आपल्या विमानाला जसंच्या तसं लावू नये. त्या दिवशी, त्या धावपट्टीवर, त्या वैमानिकाला लागू असलेली मर्यादा 20 किंवा 25 सुद्धा असू शकते, आणि ती पाळली जाते यातच आपली सुरक्षितता आहे.

अपघातांनी शिकवलेलं

17 जुलै 2011 रोजी मँचेस्टरहून आलेलं एअर अरनचं एटीआर 72 आयर्लंडमधल्या शॅननला झोतांच्या आडव्या वाऱ्यात उतरत होतं. पहिला प्रयत्न सोडला. दुसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीवर उसळलं आणि नाकाचं चाक मोडलं. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. आयरिश तपासात मूळ कारण म्हणून पुढे आला तो जादा वेग आणि नाकाच्या चढउताराचं अपुरं नियंत्रण. झोतांसाठी वेग थोडा वाढवतात, त्यालाही ठरलेली मर्यादा असते. पण विमानाच्या माहितीपुस्तकातली भाषा गोंधळात टाकणारी होती आणि वैमानिकांनी गरजेपेक्षा जास्त वेग धरला. वेगाने आलेलं विमान खाली बसायला तयार नसतं. त्याला जबरदस्तीने टेकवायला गेलं की ते उसळतं.

2 फेब्रुवारी 2013 ला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर कार्पाटएअरचं एटीआर 72 आलितालियासाठी उडत होतं. वारा विमानाच्या मर्यादेपलीकडे होता, वेगही जास्त होता, तरी उतरण्याचा निर्णय कायम राहिला. विमान धावपट्टीबाहेर गेलं, काही प्रवासी जखमी झाले. इटलीच्या तपासाने बोट ठेवलं ते माणसाच्या निर्णयावर.

आपल्या भागातल्या घटना पावसाशी जास्त जोडलेल्या आहेत. 10 नोव्हेंबर 2009 ला किंगफिशरचं एटीआर 72 मुंबईत ओल्या धावपट्टीवरून पुढे निघून गेलं. 8 मार्च 2015 ला हुबळीत स्पाइसजेटचं क्यू-400 मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीच्या कडेला सरकलं आणि मुख्य लँडिंग गियर मोडलं. वैमानिकांच्या नजरेतून धावपट्टीच्या खुणा निसटल्या होत्या. दोन्ही वेळा जीव वाचले. वाऱ्याला पाऊस, अंधार, आखूड धावपट्टी यांची जोड मिळाली की प्रत्येक घटक थोडा थोडा सुरक्षेचा वाटा खातो.

हे सगळं एकत्र वाचलं की एक सूत्र हाती लागतं. विमान वाऱ्यापुढे मोडलं असं क्वचितच घडतं. प्रयत्न सोडून देण्याची वेळ निघून गेली, आणि मग विमान सावरलं नाही, असं बहुतेकदा घडतं. म्हणूनच जगभरच्या विमान कंपन्यांत नियम आहे की ढगांत 1000 फुटांवर आणि स्वच्छ हवेत 500 फुटांवर विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर, धावपट्टीच्या रेषेत स्थिर नसेल तर उतरायचं नाही, वर जायचं. त्यानंतरही वैमानिकाला जरा शंका आली तर गो-अराउंड करायचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. विमानात पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन ठेवण्याची सक्ती आहे. कोल्हापूरला न उतरता बेळगाव, गोवा, पुणे किंवा परत हैदराबाद गाठणं हा त्या दिवसाच्या नियोजनाचाच भाग असतो.

आता काय व्हायला हवं

कोल्हापूर, शिर्डी, सिंधुदुर्गातलं चिपी, सांबरा, ही सगळी एकाच मुख्य धावपट्टीवर चालणारी ठिकाणं. नव्या टर्मिनलांच्या इमारती देखण्या होत आहेत. कोल्हापूरच्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च 2024 मध्ये झालं. त्याच तोडीचं लक्ष वाऱ्याकडे दिलं पाहिजे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना वारा मोजणारी यंत्रं हवीत आणि त्यांचे क्षणाक्षणाचे आकडे टॉवरमधून वैमानिकाला मिळायला हवेत. वळवाची आघाडी एका टोकाला आधी पोचते. दुसऱ्या टोकाचा वारा तेव्हा अजून जुनाच असतो.

दुसरं, वेळापत्रक. वळीव बहुधा दुपारनंतर येतो हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये एटीआरच्या फेऱ्या सकाळी ठेवता आल्या तर विमानं परतण्याचे प्रसंग कमी होतील. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, विमान कंपनी आणि विमानतळ यांनी एकत्र बसण्याची तयारी लागते.

तिसरं, प्रवाशांशी बोलणं. विमान परत फिरलं की केबिनमध्ये आणि उतरल्यावर काउंटरवर स्पष्ट सांगावं: वारा किती होता, मर्यादा किती होती, पुढची सोय काय. 'हवामानामुळे' या एका शब्दावर बोळवण झाली की माणसं चिडतात आणि तो राग पुढच्या वैमानिकावर दबाव होऊन बसतो. दुसऱ्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांसाठी बस तयार ठेवणं हा जबाबदारीचा भाग मानला गेला पाहिजे.

आणि चौथं आपल्या हातातलं. हुपरीच्या माणसाचा एक दिवस वाया जातो, ऑर्डर लांबते, हे नुकसान खरं आहे. तरीही धावपट्टीजवळून पुन्हा वर गेलेल्या विमानातल्या कॅप्टनने आपलं सर्वांत अवघड काम चोख केलेलं असतं. 20 फुटांवर रडर किती दाबायचा हे शिकवता येतं, सरावाने साधतं. पण भरलेलं विमान, खोळंबलेले प्रवासी आणि समोर दिसणारी धावपट्टी असतानाही लिव्हर पुढे ढकलून वर जायचं, यासाठी मागे उभी असलेली कंपनी लागते, विमानतळ लागतो आणि समजूतदार प्रवासी लागतो. हे पाठबळ आपण दिलं, तरच छोट्या गावांची ही विमानसेवा टिकेल आणि तिच्यावरचा विश्वासही टिकेल.